यादीतलं नाव, शोधातलं गाव

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्यामागचा माणूस मराठी होता: टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. त्यांच्यापुढची अडचण आजच्या सर्च इंजिनच्या अडचणीपेक्षा फार वेगळी नव्हती. एकाच नावाची गावं ढिगानं, एकेका गावाची स्पेलिंगं तीन-चार, आणि पत्ता लिहिणारा कोणत्या भाषेत आणि कोणत्या अक्षरात लिहील याचा नेम नाही. यावर सहा आकड्यांचा तोडगा निघाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

या आकड्यांना विचारलं तर मीरा रोड मुंबईत नाही. मुंबईचे पिन ४०० नं सुरू होतात. दहिसर ४०००६८, आणि लोकलनं पुढच्याच स्टेशनावर उतरलात की ४०११०७. गंमत म्हणजे ज्या ठाणे जिल्ह्यात मीरा रोड येतं, त्यातल्या ठाणे शहराचे पिनसुद्धा ४०० चेच. पण टेलिफोनला विचारलं तर मीरा रोड मुंबईच आहे, कारण लँडलाइनचा कोड ०२२. गाड्यांवर वर्षानुवर्षं एमएच-०४, म्हणजे ठाणे. पोलीस आयुक्तालय २०२० पासून वसई-विरारच्या जोडीनं. महानगरपालिका मात्र २००२ पासून स्वतःची, मीरा-भाईंदर. आणि शांतीनगरमधला माणूस कोकणात गावी गेला की ‘मुंबईला असतो’ असंच सांगतो. त्याचंही काही चूक नाही. रोज सकाळी सात-बाराच्या लोकलला लटकून तो जातो कुठे, तर अंधेरीला नाहीतर चर्चगेटला.

१९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ५ लाख २० हजार, आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचारपट. इतक्या झपाट्यानं वाढलेल्या गावात पत्ते पक्के होण्याआधीच दुकानं उघडली. प्लंबर, क्लासेस, दवाखाने, केटरर, इस्टेट एजंट, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. यातल्या ज्यांनी ज्यांनी वेबसाइट काढली, त्यांना कधी ना कधी एक फोन आलेला असतो: ‘सर, तुमची वेबसाइट आम्ही पाचशे डिरेक्टरीत टाकून देतो, गूगलवर वर येईल.’ हे प्रकरण त्या फोनबद्दल आहे. त्या वाक्यात एके काळी तथ्य होतं. मग ते खोटं झालं. आता ते एका वेगळ्याच अर्थानं थोडंसं खरं आहे, आणि हा वेगळा अर्थ मीरा-भाईंदरसारख्या शहराला इतरांपेक्षा जास्त लागू पडतो.

यादीत नाव असण्याची किंमत मुंबईकरांना इंटरनेटच्या आधीपासून माहीत होती. एमटीएनएलची जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी घराघरात असायची. १९८७ पासून ती छापण्याचं काम कंत्राटदारांकडे गेलं. डिरेक्टरीला जोडलेल्या पिवळ्या पानांवर धंदेवाल्यांच्या जाहिराती घ्यायच्या आणि त्यातून खर्च काढायचा, असा हिशेब होता. मग टाटा प्रेसनं स्वतःची ‘यलो पेजेस’ काढली. टेलिफोनधारकांची यादी छापायचा हक्क फक्त आमचा, म्हणत एमटीएनएल कोर्टात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९९५ मध्ये निकाल टाटा प्रेसच्या बाजूनं लागला. धंद्याची जाहिरात हासुद्धा राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) खालच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. आपल्यापुरतं त्यातलं महत्त्वाचं एवढंच, की धंद्यांची यादी करणं हा स्वतःच एक धंदा आहे आणि त्यात कोर्टात जाण्याइतका पैसा आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्टडायल सुरू केली. तेव्हा ती नुसती फोनवर चालायची: नंबर फिरवा, काय हवं ते सांगा, पलीकडून पत्ते मिळतील. तिची वेबसाइट आली २००७ मध्ये.

याच काळात तिकडे अमेरिकेत वेबची यादी करायचं काम विद्यार्थ्यांच्या हौशीतून सुरू झालं होतं. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्याला आवडलेल्या वेबसाइटची विषयवार यादी केली. तिचंच पुढे याहू झालं. याहूची डिरेक्टरी माणसं बनवायची. आलेली प्रत्येक साइट कुणीतरी उघडून बघायचं, ती कोणत्या कप्प्यात बसते ते ठरवायचं आणि एक-दोन ओळींचं वर्णन लिहायचं. हे कप्पे पाडण्याच्या कामाची प्रमुख होती श्रीनिजा श्रीनिवासन, याहूच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक. ग्रंथपालाचं काम, फक्त ग्रंथालय रोज दुप्पट होत चाललेलं. पुढे याहूनं व्यापारी साइट तपासायचेही पैसे लावले, वर्षाला २९९ डॉलर.

पैसे न घेणारी यादीही होती. १९९८ मध्ये सुरू झालेली आणि लवकरच नेटस्केपनं विकत घेतलेली ओपन डिरेक्टरी, जिला सगळे ‘डीमॉझ’ म्हणायचे. ती स्वयंसेवक चालवायचे. शेवटी-शेवटी तिच्यात ९० भाषांतल्या सुमारे ३८ लाख साइट होत्या, १० लाखांवर कप्पे होते आणि तोवर ९० हजारांहून जास्त संपादकांनी तिला हात लावला होता. महाराष्ट्रातली साइट असेल तर ‘प्रादेशिक’, त्याखाली आशिया, त्याखाली भारत, त्याखाली महाराष्ट्र अशा पायऱ्या उतरत जायचं. अर्ज केल्यावर महिनोन्‌महिने उत्तर यायचं नाही. तरीही लोक रांगेत उभे असायचे, आणि त्याला कारण होतं.

ते कारण गूगलच्या जन्मातच आहे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. वजनदार पानानं दिलेला दुवा म्हणजे वजनदार मत. आता याहू आणि डीमॉझ यांच्याकडे तर सगळ्या वेबनं बोट दाखवलेलं. मग त्यांनी ज्या साइटला आपल्या कप्प्यात जागा दिली, तिच्या वाट्याला त्या वजनाचा एक अंश आपोआप यायचा. शिवाय नवी साइट जगात आहे हे गूगलच्या रांगत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला कळणार कसं? कुठल्या तरी आधीच ओळखीच्या पानावर तिचा दुवा सापडला तरच. डिरेक्टरी हे ते ओळखीचं पान होतं. गूगलनं स्वतः २००० मध्ये डीमॉझची माहिती उचलून ‘गूगल डिरेक्टरी’ काढली. तुमच्या साइटचं वर्णन शोधनिकालात दाखवताना अनेकदा डीमॉझच्या संपादकानं लिहिलेली ओळच वापरली जायची. साइटच्या मालकाला ती स्वतः बदलता यायची नाही, म्हणून पुढे ‘तिथली ओळ वापरू नका’ असं सांगणारा एक खास टॅगच काढावा लागला. इतकंच कशाला, साइट चालवणाऱ्यांसाठी गूगलनं लिहिलेल्या सूचनांमध्ये ‘तुमची साइट ओपन डिरेक्टरी आणि याहू अशा याद्यांत नोंदवा’ असा सल्लाच होता.

हा सल्ला २००८ मध्ये गुपचूप काढून टाकण्यात आला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. यादीत नाव असलं की साइट वर येते, हे एकदा कळल्यावर याद्या उगवायला किती वेळ लागणार? एक तयार स्क्रिप्ट विकत घ्यायचं, हजार कप्पे पाडायचे, ‘येथे आपली साइट जोडा’ असं बटण ठेवायचं. झाली डिरेक्टरी. तिथे कुणी वाचक येत नसे. येणारा प्रत्येक जण आपला दुवा टाकून निघून जाई. याच काळात भारतात ‘डिरेक्टरी सबमिशन’ हा कामाचा एक प्रकार होऊन बसला. एक एक्सेल शीट, तिच्यात शेकडो डिरेक्टऱ्यांचे पत्ते, आणि संगणकापुढे बसलेला मुलगा दिवसभर तेच नाव, तेच वर्णन, तीच कळशब्दांची माळ भरतोय. परदेशी गिऱ्हाइकांसाठी हे काम इथे स्वस्तात व्हायचं. त्या मुलांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. ते सांगितलेलं काम करत होते आणि काही काळ त्या कामानं खरोखर फरक पडत होता.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि हे सारं उलटलं. कृत्रिमपणे गोळा केलेले दुवे ओळखायचे आणि ज्यांनी ते गोळा केले त्यांना खाली ढकलायचं, असं त्याचं काम. ज्या पाचशे नोंदींसाठी पैसे मोजले होते, त्याच आता गळ्यातली धोंड झाल्या. साइटवाले डिरेक्टऱ्यांना ‘आमचं नाव काढा’ अशी विनवणी करू लागले, तेव्हा काही डिरेक्टरीवाल्यांनी नाव काढायचेही पैसे मागितले. या सगळ्या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो: जिथे यायला पैसे पडतात आणि जायलाही पडतात, तिथे वाचकाचा संबंध मुळात कधी नव्हताच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलनं एक सोय केली. जे दुवे तुम्हाला नकोसे आहेत त्यांची साधी फाइल करून पाठवायची, म्हणजे ते मोजले जाणार नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पेंग्विन कायमचा मुख्य यंत्रणेत मुरला आणि त्याची रीतही थोडी मवाळ झाली. असे दुवे आता शिक्षेला कारण होण्याऐवजी बहुतेक वेळा नुसते शून्य धरले जातात. गूगलच्या आजच्या नियमावलीत दर्जाहीन डिरेक्टऱ्यांमधले दुवे हे दुव्यांच्या भेसळीचं उदाहरण म्हणून नाव घेऊन दिलेले आहेत.

जुन्या दोन्ही दिग्गज याद्याही गेल्या. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या डिसेंबरात बंद झाली, डीमॉझ १७ मार्च २०१७ ला. नवी साइट शोधून काढायला त्यांची गरज उरली नव्हती. आता साइटचा मालक सगळ्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, थेट सर्च इंजिनच्या हाती देतो.

त्यामुळे पाचशे डिरेक्टऱ्यांचा फोन आला तर ठेवून द्यावा, हे उत्तर सोपं आहे. पण इथेच थांबलं तर निम्मीच गोष्ट सांगून होईल. कारण मीरा रोडच्या दुकानदाराला जगात पहिलं यायचंच नसतं. त्याला गोल्डन नेस्ट चौकापाशी उभं राहून कुणी मोबाइलवर ‘जवळचा एसी दुरुस्तीवाला’ शोधला तर तिथे दिसायचं असतं. आणि हा शोध वेगळ्या हिशेबानं चालतो.

अशा शोधात वर नकाशा येतो आणि त्याखाली तीन नावं. त्यांची निवड कशावर होते, हे गूगल स्वतःच तीन शब्दांत सांगतं: विचारलेल्याशी जुळणं, अंतर, आणि ठळकपणा. पहिली दोन उघड आहेत. तिसऱ्यात त्या धंद्याबद्दल वेबवर इतरत्र काय सापडतं ते येतं. परीक्षणं, लेख, दुवे, आणि होय, डिरेक्टऱ्याही. इथे डिरेक्टरीतल्या दुव्याला फारसं वजन नसतं. बऱ्याच मोठ्या याद्या बाहेरच्या दुव्यावर ‘नोफॉलो’चा शिक्का मारतात. २००५ मध्ये निघालेल्या या शिक्क्याचा अर्थ असा, की हे आमचं मत धरू नका. तरीही नोंद उपयोगी पडते, कारण तिच्यात तीन गोष्टी असतात: नाव, पत्ता, फोन. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असाव्यात तसं हे काम चालतं. मालक सांगतो ‘मी इथे आहे’, आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-दोन जण ‘होय, इथेच आहे’ म्हणतात. पंच पाचशे असून उपयोग नाही. ओळखीचे, विश्वासाचे असावेत आणि त्यांचं म्हणणं एकमेकांशी जुळावं.

आणि मीरा-भाईंदरमध्ये नेमकं हे जुळणंच अवघड आहे.

समजा, भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला एखाद्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे. स्टेनलेस स्टीलची भांडी हा या भागाचा जुना धंदा. पत्र्याची गोल चकती आणायची, प्रेसवर तिला खोलगट आकार द्यायचा, काठ वळवायचा, पॉलिश मारायचं. डबे, टोप, पराती तयार. असे छोटे-छोटे गाळे दाटीनं आहेत आणि त्यांचं गिऱ्हाईक देशभर असतं. आता या गाळ्याच्या नोंदी पाहत जाऊ. जीएसटीच्या कागदावर नाव ‘अमुक मेटल इंडस्ट्रीज’, दारावरच्या पाटीवर ‘अमुक स्टील’, आणि कुठल्या तरी यादीत कुणा हुशारानं भरलेलं ‘अमुक स्टील – भाईंदरमधील सर्वोत्तम स्टील डबे उत्पादक’. गूगलचा नियम असा, की नाव पाटीवर आहे तेच लिहायचं. त्यात विशेषणं कोंबली तर नकाशावरचं धंद्याचं प्रोफाइल बंद होऊ शकतं.

पत्त्याची तऱ्हा याहून निराळी. एकीकडे ‘गाळा क्रमांक’, दुसरीकडे ‘युनिट’, तिसरीकडे ‘शॉप’. गावाचं नाव इंग्रजीत कुणी शेवटी ‘डीएआर’ लिहितो, कुणी ‘डीईआर’. मराठीत तरी एकवाक्यता असावी, तर महानगरपालिकेच्या कागदांवर ‘मिरा’ ऱ्हस्व आणि बाहेर बहुतेक ठिकाणी ‘मीरा’ दीर्घ. पिन पूर्वेचा ४०११०५, पण कुणीतरी पश्चिमेचा ४०११०१ टाकलेला. शहर या रकान्यात एका ठिकाणी ‘ठाणे’, दुसऱ्या ठिकाणी ‘मुंबई’, तिसऱ्या ठिकाणी ‘मीरा-भाईंदर’. तिन्ही आपापल्या परीनं बरोबर! फोनचं तर विचारूच नका. जुन्या यादीत ०२२ ची लँडलाइन आहे, जी केव्हाच परत केली. एका यादीत भावाचा मोबाइल, जो आता धंद्यातून वेगळा झाला आहे. एका ठिकाणी जस्टडायलनं किंवा तत्सम कंपनीनं स्वतःच दिलेला नंबर, जो फिरून मालकाकडे येतो.

सेवा विकणारे इथे बागुलबुवा उभा करतात, म्हणून थोडं सावकाश बघू. ‘रोड’ आणि ‘आरडी’, ‘ईस्ट’ आणि कंसातलं ‘ई’, भाईंदरची दोन स्पेलिंगं, ऱ्हस्व-दीर्घ मिरा, असले फरक यंत्राला सहज कळतात. कोट्यवधी पत्ते वाचून ते त्यात तयार झालेलं असतं. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. खरी गडबड होते ती फोन, गाळा क्रमांक आणि पिन बदलल्यावर. तेव्हा यंत्राला वाटतं की हे दोन वेगळे धंदे असावेत. मग नकाशावर एकाच गाळ्याच्या दोन खुणा उमटतात, चाळीस परीक्षणं एकीकडे आणि पंधरा दुसरीकडे अशी विभागणी होते, आणि दोन्ही खुणा अर्ध्या ताकदीनं उभ्या राहतात. किंवा याहून वाईट: आधीच्या भाडेकरूची खूण जिवंत राहते आणि त्याच्या नावावर ‘कायमचे बंद’ असा शेरा पडतो, तो बघून गिऱ्हाईक तुमच्याही दारावरून परत जातं. भाड्याचे गाळे अकरा-अकरा महिन्यांच्या करारानं हात बदलतात तिथे हे वरचेवर घडतं.

‘मुंबई’ लिहिण्याच्या मोहाबद्दलही बोललं पाहिजे. पत्त्यात मुंबई घातलं म्हणून नकाशावरची खूण दहिसर नाका ओलांडत नाही. ‘मुंबईतले स्टील डबे उत्पादक’ असं कुणी शोधलं तर यंत्र मुंबई म्हणून जी हद्द धरतं, तिच्या बाहेरच तो गाळा राहतो. उलट जवळपासच्या शोधात हद्दीला महत्त्व कमी आणि अंतराला जास्त. दहिसर पूर्वेला राहणाऱ्याला काशीमिऱ्याचा गॅरेजवाला बोरिवलीच्या गॅरेजवाल्याआधी दिसू शकतो, मग तो कुठल्या का महापालिकेत असेना. म्हणून पत्ता खरा लिहिणंच फायद्याचं. मुंबईला माल पोचवतो, हे सांगायचं असेल तर ते वेबसाइटवर स्वतंत्र वाक्यात सांगता येतं आणि यंत्राला ते वाचताही येतं.

आता या सगळ्यातला खरा अवघड मुद्दा. डिरेक्टरी ही साक्षीदार असते, तशीच ती प्रतिस्पर्धीही असते. ‘मीरा रोड केटरर’ असं शोधून पाहा. नकाशातली तीन नावं संपली की खाली बहुधा एखाद्या केटररची वेबसाइट येत नाही, येतात याद्या. ‘मीरा रोडमधले पहिले दहा’, ‘तुमच्या जवळचे पन्नास’. जस्टडायल, सुलेखा, घाऊक मालासाठी इंडियामार्ट. या कंपन्या कितीतरी वर्षांपासून वेबवर आहेत. त्यांच्याकडे लाखो पानं, लाखो परीक्षणं, आणि प्रत्येक धंदा गुणिले प्रत्येक गाव इतकी तयार पानं आहेत. ‘केटरर’ हा कप्पा आणि ‘मीरा रोड’ हे गाव जुळवलं की झालं एक पान. एकट्या केटररची पाच पानांची साइट याच्यापुढे टिकणार कशी? म्हणजे आपण आपली माहिती, आपले फोटो, आपल्या गिऱ्हाइकांची परीक्षणं त्या यादीला देतो, आणि त्याच मालावर ती यादी आपल्या वर जाऊन बसते. मग तिथे आलेली चौकशी एकाच वेळी चार-पाच जणांना पाठवली जाते आणि पैसे भरणाऱ्याचं नाव वर दिसतं. रिलायन्स रिटेलनं २०२१ मध्ये जस्टडायलमधला सुमारे ४१ टक्के हिस्सा तीन हजार कोटींहून अधिक रुपयांना घेण्याचा सौदा केला, तो शोधातल्या या वरच्या जागेसाठीच, असं माझं मत आहे.

याचा अर्थ यादीत जाऊ नये असा नाही. मीरा रोडचे कितीतरी धंदे असे आहेत की त्यांच्यासाठी यादीतलं पान हीच वेबसाइट. घरगुती डब्यावाल्या बाईंना किंवा रिक्षातून फिरणाऱ्या फ्रिज मेकॅनिकला वेगळी साइट लागत नाही. फुकट नोंद जरूर करावी. महिन्याला पैसे मागणाऱ्या पॅकेजबद्दल मात्र साधा हिशेब ठेवावा: तीन महिन्यांत त्या नंबरवरून किती फोन आले, त्यातली किती कामं झाली. शोधात वर येण्यासाठी म्हणून ते पॅकेज घेऊ नये. पैसे भरून वाढतं ते त्या यादीच्या आतलं स्थान. गूगलवरचं तुमच्या साइटचं स्थान त्यानं हलत नाही. विकणारा या दोन गोष्टी बोलता-बोलता एक करून टाकतो.

परक्या जागेवर सगळा संसार मांडण्याचा धोका गूगलच्या बाबतीतही आहेच. धंद्याच्या प्रोफाइलसोबत गूगल एक फुकटची छोटी वेबसाइट देत असे. पुष्कळ लहान दुकानदारांनी तीच छापील कार्डांवर, पिशव्यांवर, रिक्षाच्या मागच्या बाजूला छापली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलनं त्या साइट बंद केल्या. काही महिने तो पत्ता प्रोफाइलकडे वळवला जात होता, मग तेही थांबलं. ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचं डोमेन होतं, त्यांना फक्त एका रकान्यातली ओळ बदलावी लागली.

म्हणून भाईंदरच्या त्या गाळ्यानं काय करावं? आधी स्वतःच्या डोमेनवर एक पान, त्यावर पाटीवरचंच नाव, गाळा क्रमांकासकट पत्ता, ४०११०५, आणि जो उचलला जातो तो फोन. ही माहिती यंत्राला रकान्यांसकट कळावी म्हणून मोठ्या सर्च कंपन्यांनी २०११ मध्ये मिळून एक सामायिक पद्धत ठरवली आहे. साइट बनवणाऱ्याला ‘स्कीमा घाल’ म्हटलं की त्याला समजतं. मग गूगलचं प्रोफाइल, त्यात अक्षर न्‌ अक्षर तेच. मग आपल्या धंद्यातले लोक जिथे खरोखर शोधतात अशा मोजक्या याद्या. स्टीलवाल्यासाठी इंडियामार्ट किंवा ट्रेडइंडिया, डॉक्टरसाठी आणखी काही, लग्नाच्या केटररसाठी आणखी काही. आपल्या व्यापारी संघटनेची वेबसाइट असेल आणि तिच्यावर सभासदांची यादी असेल, तर ती या सगळ्यांत मोलाची. तिथे नाव यायला सभासद असावं लागतं, फॉर्म भरून भागत नाही.

त्यानंतर जुन्या नोंदी शोधायच्या. त्यासाठी कुठलंही महाग साधन लागत नाही. परत केलेला लँडलाइन नंबर अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाकायचा. मग भावाचा मोबाइल. मग जुना गाळा क्रमांक आणि वसाहतीचं नाव. जिथे जिथे तो जुना नंबर सापडेल तिथे ‘हा धंदा माझा आहे’ असं म्हणायची सोय बहुतेक याद्यांवर असते. मोबाइलवर ओटीपी येतो, माहिती दुरुस्त होते. गूगलच्या नकाशावर दोन खुणा असतील तर एक दुसरीत विलीन करायची विनंती करता येते. परीक्षणं मग सहसा एका जागी येतात. गूगल हल्ली पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतं: रस्ता, पाटी, आत चालू असलेलं काम, आणि कुलूप उघडणारा माणूस हे सलग एका चित्रणात. दुपारी तीनला प्रेस चालू असताना तो काढावा. पाटीवर इंग्रजीत एक आणि मराठीत दुसरं नाव असेल, तर आधी पाटी बदलून घ्यावी आणि मग मोबाइल हातात घ्यावा.